कूलरच्या टाकीला जोडलेला लॅपटॉप

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५-४६ ला टेकतो तेव्हा गावातल्या स्लॅबच्या खोलीत दुपारी तीन वाजता ३८ ते ४० अंश असतात. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणजे नवतपात आपण बटण दाबतो तेव्हाच यंत्र हद्दीबाहेर गेलेलं असतं. आतला पंखा कितीही घोंघावला तरी तो खोलीतलीच हवा फिन्समधून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून, ढकलणार. २५ अंशांच्या खोलीत ८४ वर थांबणारा प्रोसेसर इथे तेवढ्याच फरकाने वर सरकतो, ९७ ला पोचतो आणि तिथून स्वतःच वेग कापायला लागतो. गेम मधेच अडखळतो तो बहुतेक वेळा यामुळे.

खाली दिलेलं सगळं काम १५.६ इंची लॅपटॉपवर केलेलं आहे. त्यात ४५ वॉटचा इंटेलचा एच-मालिकेतला प्रोसेसर (सीपीयू) आणि आरटीएक्स ३०६० ही ग्राफिक्स चिप (जीपीयू) आहे. गेम चालू असताना दोघं मिळून १३० ते १४० वॉट उष्णता टाकतात. पुढचे आकडे याच जोडणीचे, एचडब्ल्यूइन्फो या चिपचं तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर पाहिलेले आणि मल्टिमीटरच्या थर्मोकपलने, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेने, मोजलेले.

पाण्याच्या भानगडीत पडण्याआधी पाठ उघडून फिन्स पाहाव्यात. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू असतात, वेचणीच्या दिवसांत घरातही कापूस असतो. पंखा आणि फिन्स यांच्या मधल्या फटीत या तंतूंचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून ब्लोअर मारला तर तो आणखी दाबून बसतो. पंखा सोडवून, चिमट्याने धरून तो थर अख्खा सोलून काढायचा. चिप आणि तिच्यावरचं तांबं यांच्यामध्ये लावतात त्या पेस्टच्या जागी हनीवेलची पीटीएम ७९५० ही पत्री टाकली तर बरं. ती ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि पातळ पेस्टसारखी तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत कडेला सरकत नाही. लिक्विड मेटलच्या वाटेला जाऊ नये. त्यातला गॅलियम ॲल्युमिनियम खातो आणि थेंब सांडला तर बोर्ड शॉर्ट होतो. एवढ्या साफसफाईनेच ज्याचं काम भागेल त्याने इथेच थांबावं. या यंत्राचं हिवाळ्यात भागलं, मे महिन्यात नाही.

लॅपटॉपला पाण्याने थंड करण्याचे दोन रस्ते आहेत. मूळ हीटसिंक, म्हणजे चिपची उष्णता उचलणारा तांब्याचा सांगाडा, काढून त्याजागी पाण्याचे ब्लॉक बसवायचे हा पहिला. डेस्कटॉपला तो सोपा पडतो, लॅपटॉपला जागाच नसते आणि प्रत्येक मॉडेलचे स्क्रू वेगळे. दुसरा रस्ता म्हणजे मूळ हीटपाइप (चिपपासून फिन्सपर्यंत उष्णता नेणाऱ्या चपट्या नळ्या) तशाच ठेवून त्यांच्या पाठीवर तांब्याची चपटी नळी जोडायची आणि तिच्यातून पाणी खेळवायचं. कंपन्यांनीही लॅपटॉपला बाहेरून पाणी पुरवलेलं आहे. आसुसचा जीएक्स-७०० हा २०१५ सालचा लॅपटॉप मागे पाण्याचा भलामोठा डॉक लावून चालायचा. जर्मनीच्या एक्सएमजीने २०२२ मध्ये ओएसिस नावाचा बाहेरचा डबा काढला, त्याच्या लॅपटॉपमध्ये हीटपाइपांना लागूनच पाण्याची नळी फिरवलेली असते. घरच्या घरी करण्याजोगी तीच पद्धत. तिचा एक फायदा असा की पंखे आणि फिन्स जागेवर राहतात. पाणी बंद पडलं तरी यंत्र पूर्वीसारखं चालत राहतं.

आता खरा प्रश्न. पाण्याने उष्णता उचलली, ती टाकायची कुठे? संगणकाचा रेडिएटर खोलीच्याच हवेत टाकतो, म्हणजे ३८ च्या खाली तोही जाणार नाही. बादलीचा हिशेब करून पाहू. एक किलो पाणी एका अंशाने तापायला ४.१९ किलोज्यूल लागतात. १५० वॉटचं यंत्र तासाला ५४० किलोज्यूल देतं, म्हणजे २० लिटरची बादली तासाला साडेसहा अंश तापते. दोन तासांत पाणी कोमट आणि खेळ खलास. माठ सुचतोच सुचतो. पण दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी पाझरून उडतं असं धरलं तरी माठाची थंड करण्याची ताकद ३०-४० वॉट भरते. प्यायच्या पाण्याला पुरते, लॅपटॉपला नाही.

आणि खिडकीत कूलर उभा असतोच. वाळा असो की वूडवूल, त्यावरून फिरून टाकीत पडणारं पाणी ओल्या थर्मामीटरच्या, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या, तापमानाजवळ येऊन थांबतं. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ते तापमान २३ च्या आसपास येतं. टाकी प्रत्यक्षात २५ दाखवते. कूलरची थंड करण्याची ताकद किलोवॅटमध्ये असते, त्यात लॅपटॉपचे १४० वॉट कुठल्या कोपऱ्यात गेले ते कळतही नाही. म्हणून टाकीत तांब्याचं वेटोळं बुडवायचं, लॅपटॉपचं शुद्ध पाणी त्या वेटोळ्याच्या आतून फिरवायचं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, फक्त उष्णता पलीकडे जाते.

कूलर चालू असेल तर खोली थंडच झाली, मग हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. कूलरने टेबलापाशी हवा ३१-३२ ची होते, टाकी २५ ची असते. शिवाय हवा फिन्समधून जेवढी उष्णता ओढते त्याच्या कितीतरी पट पाणी नळीतून ओढतं. कूलरच्या थेट झोताखाली लॅपटॉप ठेवणं तर चूकच, कारण त्या झोतात क्षाराचे बारीक शिंतोडे असतात.

टाकी निवडण्याचं आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सगळ्यात मोठं. थंड नळीवर दव धरलं तर लॅपटॉपच्या आत पाणी टपकणार. दव धरतं ते नळी हवेच्या दवबिंदूखाली गेली तरच. बाष्पीभवनाने थंड झालेलं पाणी ओल्या थर्मामीटरच्या आकड्याखाली जात नाही आणि तो आकडा त्याच हवेच्या दवबिंदूच्या वरच असतो. वरच्या उदाहरणात दवबिंदू १२ च्या आसपास आहे. जुलैत ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला टाकी २७ आणि दवबिंदू २६ असा जेमतेम एक अंशाचा फरक उरतो, तरी नळी कोरडी राहते. हे गणित मोडतं ते बर्फाने. पाहुणे आले की कूलरच्या टाकीत बर्फाची लादी टाकायची सवय बऱ्याच घरांत आहे. कूलरने ओली केलेल्या खोलीचा दवबिंदू २१-२२ असतो आणि टाकी १० वर आली की हीटपाइपला घाम फुटतो. लॅपटॉप जोडलेला असेल तर बर्फ नाही, थंड बाटल्याही नाहीत. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवावं.

सामानातली पहिली वस्तू म्हणजे दुसरा हीटसिंक. त्याच मॉडेलचा ऑनलाइन मागवावा आणि सगळे प्रयोग त्याच्यावर करावेत. मूळचा डब्यात जपून ठेवावा, बिघडलं तर अर्ध्या तासात यंत्र पूर्ववत होतं. वॉरंटी मात्र पाठ कापली की संपली. बाकी लागतं ते असं: फ्रिज-एसीवाल्याकडची पाव इंची मऊ तांब्याची नळी, त्याच्या बोलीत दोन सूत, अर्धा मीटर, वेटोळ्यासाठी तीन सुताची तीन मीटर, ६ मिमी आतल्या मापाची आणि १० मिमी बाहेरच्या मापाची सिलिकॉन नळी आठ मीटर, १२ व्होल्टचा, ताशी २४० लिटर आणि ३ मीटर उंची लिहिलेला छोटा डीसी पंप, झाकणाची लिटरभराची प्लास्टिकची बरणी, आरओ फिल्टरचे पाव इंची चार छोटे व्हॉल्व्ह, मोटारसायकलच्या पेट्रोल पाइपच्या स्प्रिंग क्लिपा डझनभर. आरओचे कनेक्टर सुचवतो कारण ते तालुक्याच्या गावी कुठेही मिळतात आणि पाव इंची तांब्याच्या नळीवर बरोबर बसतात. हीटसिंक सोडला तर सगळं अडीच हजारांच्या आत झालं.

नळी किती जाड चालेल ते आधी मोजायचं. हीटपाइप आणि पाठीचं झाकण यांच्यात किती फट आहे हे बाहेरून दिसत नाही. हीटपाइपवर प्लास्टिकचा पातळ कागद टाकून त्यावर कणकेच्या चार-पाच गोळ्या ठेवाव्या, झाकण लावून स्क्रू आवळावे, उघडून चेपलेल्या गोळ्यांची जाडी व्हर्नियरने घ्यावी. इथे जीपीयूच्या बाजूला ३ मिमी आणि सीपीयूच्या बाजूला २.२ मिमी निघाले. नळी ३.५ मिमीची ठेवायची होती, म्हणून झाकणाला नळीच्या रेषेत हॅक्सॉ ब्लेडने १४ मिमी रुंदीची फट पाडली आणि वरून बारीक जाळी चिकटवली.

नळी ३.५ च का? पाव इंची नळीची भिंत ०.७ मिमी असते. बाहेरून ३.५ पर्यंत चेपली तर आत २.१ मिमीचा रस्ता राहतो. बाहेरचं माप ३ च्या खाली नेलं की आतला रस्ता दीड मिमीवर येतो, पाण्याची धार निम्मी होते आणि एखादा कण अडकला की संपलंच.

चेपण्याआधी वाक द्यायचे. चपटी झालेली नळी आडवी वाकवली की मोडते. बाइंडिंग तारेचा नमुना हीटसिंकवर बसवून पाहावा, सीपीयूच्या पाइपवरून बारा सेंटिमीटर, वळसा घेऊन जीपीयूच्या पाइपवरून बारा, आणि दोन्ही टोकं मागच्या जाळीतून बाहेर. मग नळी गॅस टॉर्चवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावी. तांबं लोखंडासारखं याने कडक होत नाही, मऊ होतं. स्प्रिंगने वाकवावं आणि पुन्हा एकदा तापवावं, कारण वाकवताना तांबं ताठरतं. पहिली नळी रिकामीच वाइसमध्ये दाबली तर तिचं पोट मधोमध आत गेलं, दोन्ही कडा फुगल्या आणि आतला रस्ता बंद. दुसरीत मीठ भरलं. मीठ बारीक हवं, तव्यावर भाजून खडखडीत कोरडं केलेलं, ठोकून ठोकून गच्च भरलेलं, आणि दोन्ही टोकांना लाकडाची खुंटी. वाळूही चालते, पण वाळूचा एक कण मागे राहिला तर पंप अडकतो. मीठ गरम पाण्याने विरघळून जातं. चार-पाच वेळा धुवावं, मिठाचा अंश तांब्याला चांगला नाही. शेवटच्या धुण्याचं पाणी आरओवाल्याच्या टीडीएस पेनाने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) तपासलं की कळतं. दाबताना वाइसच्या जबड्यात दोन सपाट लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये नळीच्या दोन्ही अंगांना ३.५ मिमीचे ड्रिल बिट ठेवायचे. जबडा बिटांवर येऊन थांबला की माप आपोआप बरोबर. टोकं पाच-पाच सेंटिमीटर गोलच ठेवायची, कनेक्टर त्यांवरच बसतात.

डाग देण्याचं काम सगळ्यात नाजूक. हीटपाइप पोकळ असते, आत निर्वातात थोडंसं पाणी असतं. तिला तापवणं म्हणजे झाकण बंद कुकर तापवणं, शिट्टीशिवायचा. १३८ अंशांना आतला दाब वातावरणाच्या साडेतीन पट होतो, साध्या सोल्डरच्या १९० अंशांना साडेबारा पट, २५० ला चाळीस पट. चपटी पाइप त्या दाबाने फुगते आणि फुगलेली पाइप पुन्हा चिपला टेकत नाही. म्हणून ४२ टक्के कथील आणि ५८ टक्के बिस्मथची, १३८ अंशांना वितळणारी पेस्टच घ्यायची. उष्णतावाहक इपॉक्सी लावून मोकळं व्हावं असा मोह होतो. हिशेब केला की तो उतरतो. एका पाइपवर नळी टेकते ती जागा १२ सेंटिमीटर बाय साडेचार मिमी. इपॉक्सीचा दशांश मिमीचा थर ७५ वॉटला १४ अंश खातो, सोल्डरचा एका अंशाहून कमी.

हीटपाइपवरचा काळा रंग किंवा निकेल ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून लाल तांबं उघडं पाडावं. फ्लक्स आणि पेस्ट लावून नळी बाइंडर क्लिपांनी जागच्या जागी आवळावी. मग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडचं हॉट एअर मशीन. आधी पूर्ण हीटसिंक तव्यावर शंभरेक अंशांपर्यंत तापवून घ्यावा, मग फक्त नळीच्या रेषेवर गरम हवा फिरवावी. करडी पेस्ट चकाकून वाहू लागली की लगेच थांबायचं. इथे एक गफलत झाली ती सांगायला हवी. हीटपाइपच्या टोकाच्या फिन्ससुद्धा कारखान्यात कमी अंशांच्या सोल्डरनेच चिकटवलेल्या असू शकतात. हवा तिकडे गेली आणि फिन्सचा एक गठ्ठा सुटून आला. पुन्हा बसवताना फिन्सवर आणि चिपच्या तांब्याच्या पट्टीवर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवल्या, तेव्हा निभावलं. तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहू नये, चकचकीत तांब्यावर तो खूप कमी दाखवतो. थर्मोकपलची तार नळीखाली खोचावी. आणि दुकानातल्या रोजच्या शिशाच्या सोल्डरचा अंश या पेस्टमध्ये मिसळू देऊ नये. कथील, शिसं आणि बिस्मथ एकत्र आले की ९६ अंशांनाच वितळणारा मिश्रधातू तयार होतो आणि सांधा नेमका उन्हाळ्यात सैल पडतो.

डाग थंड झाल्यावर आयसोप्रोपिलने फ्लक्स धुवून गळतीची परीक्षा. रक्तदाब मोजायचं जुनं डायलचं मशीन याला उत्तम. नळीचं एक टोक बंद, दुसऱ्याला रबरी फुगा आणि डायल, २०० पर्यंत दाब भरायचा आणि पंधरा मिनिटं काटा पाहायचा. २०० मिमी पारा म्हणजे २.७ मीटर पाण्याचा दाब, आपल्या पंपाच्या कमाल दाबाच्या जवळपास. काटा हलला तर साबणाचा फेस लावून भोक शोधावं. ही परीक्षा सावलीत करायची. ऊन पडलं की आतली हवा फुगते आणि काटा फसवतो.

वेटोळं चार इंची पीव्हीसी पाइपवर गुंडाळलं की तीन मीटरचे आठ वेढे होतात. वेढ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवावं, नाहीतर मधल्या वेढ्यांना ताजं पाणी मिळत नाही. दोन्ही टोकं टाकीच्या काठावर आणून मगच जोड द्यावा, पाण्याखाली एकही सांधा नको. टोकांना पाव इंची नळीचे तुकडे फ्रिजवाल्याकडून ब्रेझ करून घ्यावेत. प्लास्टिकच्या टाकीत हे बिनघोर बसतं. गावाकडचे बहुतेक कूलर मात्र जस्ती पत्र्याचे असतात. जस्ताशेजारी तांबं बुडवलं की पत्रा झपाट्याने कुजतो. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर जास्तच, कारण पाणीच खारं. अशा टाकीला दर उन्हाळ्याआधी आतून काळा बिटुमेन लावतातच, तो दोन हात लावावा आणि वेटोळ्यालाही पातळ वार्निशचा एक हात द्यावा. उष्णता थोडी अडते, टाकी वाचते.

विजेचं आता नीट ऐका. कूलरचा शॉक ही आपल्याकडे दर उन्हाळ्याची बातमी असते. कूलरच्या पंपाचं इन्सुलेशन गेलं की टाकीच्या पाण्यात २३० व्होल्ट येतात. त्या पाण्यात आपण तांबं बुडवलंय आणि ते पाण्याच्याच नळीने लॅपटॉपशी जोडलंय. म्हणून कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय ही जोडणी करू नये. कूलरचा पत्रा आणि वेटोळं दोघांनाही अर्थिंगची तार द्यावी आणि घराला अर्थिंग खरोखर आहे का ते तपासून घ्यावं. तीन पिनांचं सॉकेट असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. आरसीसीबी बसवण्याआधी फेज आणि अर्थमध्ये शंभर वॉटचा बल्ब लावून पाहिला की कळतं, मिणमिणला तर खड्डा नव्याने भरावा लागणार. ही तपासणी वायरमनच्या हातून करून घ्यावी. लॅपटॉपच्या पाण्याचा पंप मात्र १२ व्होल्टचाच हवा. कूलरचा १८ वॉटचा २३० व्होल्टचा पंप स्वस्त पडतो म्हणून या चक्रात घालू नये.

मांडणीत एक युक्ती आहे. बरणी जमिनीवर, लॅपटॉप टेबलावर, म्हणजे पाण्याच्या पातळीपेक्षा ७० सेंटिमीटर वर. पंप बरणीत. पाणी पंपातून आधी वेटोळ्यात, तिथून लॅपटॉपमध्ये आणि लॅपटॉपमधून सरळ, आखूड नळीने बरणीत. परतीच्या नळीचं टोक पाण्याखाली बुडालेलं हवं. असं केलं की लॅपटॉपच्या आतल्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहतो. तिथे कुठे बारीक चीर पडली तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत ओढली जाते आणि बरणीत बुडबुडे दिसतात. बुडबुडे थांबत नसतील तर पंप बंद करून सांधे तपासायचे. हाच क्रम उलटा केला, वेटोळं लॅपटॉपच्या नंतर घातलं, तर त्याचा अडथळा लॅपटॉपमागे येतो, आत दाब वाढतो आणि ही सोय जाते.

सिलिकॉन नळीला दोन शत्रू, उंदीर आणि उजेड. उंदीर कुरतडतात, उजेडाने आत शेवाळ धरतं. ठिबकची जुनी १६ मिमीची काळी लॅटरल दोन्हींवर उपाय आहे. तिच्यातून १० मिमीची नळी जाते. टाल्कम पावडर लावून बाइंडिंग तारेने ओढून घ्यावी, कोरडी ढकलली तर हातभरावर अडकते. बरणीलाही काळी चिकटपट्टी गुंडाळावी, पातळी पाहायला एक उभी चीर ठेवून. व्हॉल्व्ह लॅपटॉपच्या जवळ दोन्ही नळ्यांवर दोन-दोन बसवावेत. मधला तुकडा सोडवला की लॅपटॉप उचलता येतो, सांडतं ते चमचाभर.

पाणी डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाच लिटरच्या कॅनमधलं पाणी चालतं, पण टीडीएस पेनावर ५ च्या आत हवं. त्याच दुकानात शेजारी तेजाबाचे कॅन असतात, तेव्हा कॅन वाचून घ्यावा. पाण्यात ट्रॅक्टरच्या रेडिएटरचं हिरवं कूलंट १५ ते २० टक्के. गंज आणि शेवाळ दोन्ही थांबतात. ते गोड लागतं आणि विषारी असतं, पोरं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवावं. चक्रात ॲल्युमिनियमचा एकही तुकडा नको, तांब्याच्या संगतीत तो आधी कुजतो. पितळ चालतं. भरताना हीटसिंक लॅपटॉपबाहेरच ठेवून वर्तमानपत्रावर चोवीस तास पंप चालवावा. तो मागे-पुढे कलवत राहिलं की चपट्या नळीत अडकलेली हवा निघते. बरणीत परत येणारी धार लिटरच्या मापात धरून पाहिली तर ८५ सेकंदांत माप भरलं, म्हणजे मिनिटाला ०.७ लिटर. एवढ्या धारेत १३५ वॉटला पाणी २.८ अंश तापतं, यापेक्षा जोराची गरज नाही. नळीखाली बोर्डाचा जो भाग येतो तिथे कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज अडवणारी) लावून मगच हीटसिंक बसवावा.

आता आकडे. कूलर चालू, खोली ३२, टाकी २५, दीड तास तोच गेम. पाण्याशिवाय सीपीयू ९३ आणि जीपीयू ८२, पंखे पूर्ण वेगात. पाण्यासह सीपीयू ७७ आणि जीपीयू ६६, पंखे निम्म्यावर. लॅपटॉपमध्ये शिरणारं पाणी ३० ते ३१. टाकी २५ आणि पाणी ३१ हा फरक वेटोळ्याचा. सहा मीटरचं केलं तर तो निम्मा होईल, पण सीपीयूचे तीनच अंश उतरतील. त्यासाठी तांबं दुप्पट घ्यावं असं मला वाटत नाही.

लाइट गेली की कूलर थांबतो. पंपाला वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर धार चालू राहते. लॅपटॉप बॅटरीवर असताना उष्णता तशीही कमी टाकतो. पूर्ण १३५ वॉट धरले तरी ६० लिटरची टाकी तासाला दोनच अंश तापते. उलट दुपारी टाकी भरताना छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी सोडलं तर ते चाळीसच्या वरचं असतं आणि पुढचा अर्धा तास तेच तापमान लॅपटॉपला मिळतं. कूलर सकाळीच भरावा.

देखभाल थोडीच, पण टाळता न येणारी. टाकीचं पाणी उडतं, क्षार मागे राहतात. पंधरा दिवसांत वेटोळ्यावर पांढरा थर येतो आणि लॅपटॉप दोन-तीन अंश वर सरकतो. वेटोळं काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवलं की थर सुटतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करावी, डासांसाठीही ते करावंच लागतं. बरणीतलं पाणी वर्षातून एकदा बदलावं. ते निळसर-हिरवं दिसायला लागलं तर तांबं सुटतंय असं समजावं आणि मिठाचा अंश राहिला होता का ते आठवावं.

दिवाळीच्या सुमारास कूलर खिडकीतून उतरतो, तेव्हा चक्रही उतरवायचं. व्हॉल्व्ह सोडवून लॅपटॉपच्या नळीतलं पाणी फुंकून काढावं आणि बाहेर आलेली दोन टोकं सिलिकॉनच्या वीतभर तुकड्याने एकमेकांना जोडून टाकावीत. वेटोळ्याच्या टोकांनाही तसंच. उघडी ठेवली तर कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते आणि मार्चमध्ये ते कोरून काढायला गिटारची तार लागते.